उन्हाळ्याचा पहिला दिवस आणि पेरणीचा निर्णय

चीनच्या पारंपरिक सौर पंचांगानुसार मे महिन्याच्या ५ किंवा ६ तारखेस उन्हाळा सुरू होतो. या दिवसाला तेथे ‘लीश्या’ म्हणतात. ‘ली’ म्हणजे आरंभ आणि ‘श्या’ म्हणजे उन्हाळा. आपल्याकडे त्या वेळी उन्हाळा सरत आलेला असतो. भारतीय हवामान विभाग मार्च ते मे हा पूर्वमोसमी उष्ण काळ मानतो. म्हणजे चीनचा उन्हाळा पंचांगात उगवतो तेव्हा आपला शेतकरी नांगरट उरकून मृगाकडे डोळे लावून बसलेला असतो. असे असता या परक्या पर्वाची चर्चा कृषी विस्ताराच्या व्यासपीठावर कशासाठी, असा प्रश्न वाचकाला पडणे साहजिक आहे.

त्याचे कारण असे की, ऋतू केव्हा सुरू झाला हे तारखेने ठरवावे की जमिनीवरील खुणांनी, हा प्रश्न लीश्याच्या निमित्ताने चीनमध्ये दोन हजार वर्षांपासून विचारला गेला आहे आणि गेल्या शतकात त्याला शास्त्रीय उत्तरही मिळाले आहे. ते उत्तर आपल्या खरीप नियोजनाला थेट लागू पडते. पंचांगातील तारीख तयारीसाठी असते. पेरणी, लावणी किंवा फवारणीचा निर्णय मात्र स्थानिक निरीक्षण आणि मोजमाप यांवरच सोपवावा लागतो. आपल्या विस्तारकार्यात या दोन गोष्टींची गल्लत अजूनही होते, आणि तिची किंमत दुबार पेरणीच्या रूपाने अल्पभूधारक शेतकऱ्याला मोजावी लागते.

सूर्याच्या वाटेचे चोवीस टप्पे

चिनी पंचांग चांद्रसौर आहे. सण आणि महिने चंद्रावर चालतात, शेतीची कामे मात्र सूर्यावर. त्यासाठी सूर्याच्या वार्षिक मार्गाचे प्रत्येकी १५ अंशांचे २४ भाग केलेले आहेत. वसंतसंपात हा शून्य अंश धरला, तर सूर्य ४५ अंशांवर पोहोचतो तो क्षण म्हणजे लीश्या. वसंतसंपात आणि उन्हाळी अयनदिन यांच्या बरोबर मध्यावर तो येतो. ६० अंशांवर पुढचे ‘श्याओमान’ पर्व लागते. त्याचा अर्थ ‘किंचित भरणे’ असा असून तो दाणे भरू लागण्याशी जोडलेला आहे. पृथ्वीची गती वर्षभर सारखी नसल्यामुळे हिवाळ्यातील पर्वे १५ दिवसांहून थोडी लहान, तर उन्हाळ्यातील थोडी मोठी असतात. लीश्याचा कालावधी सुमारे १६ दिवसांचा, म्हणजे साधारणतः २० मेपर्यंतचा असतो.

इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील ‘ह्वायनानत्झू’ या ग्रंथात चोवीसही पर्वांची नावे आढळतात आणि इ. स. पूर्व १०४ मधील पंचांगसुधारणेत त्यांना अधिकृत स्थान मिळाले. १६४५ च्या सुधारणेपर्यंत वर्षाचे २४ समान कालखंड पाडले जात. त्यानंतर सूर्याच्या प्रत्यक्ष कोनीय स्थितीवरून पर्वे ठरू लागली. म्हणजे प्राचीन म्हणून मिरवल्या जाणाऱ्या या पद्धतीचे गणितही निरीक्षण सुधारताच बदलण्यात आले. २०१६ मध्ये युनेस्कोने तिचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत समावेश केला.

तथापि या पद्धतीचे खरे सामर्थ्य आकाशगणितापेक्षा तिला जोडलेल्या भूमीवरील खुणांत आहे. प्रत्येक पर्वाचे पाच-पाच दिवसांचे तीन उपविभाग करून प्रत्येकाला निसर्गातील एक खूण दिलेली आहे. अशा ७२ खुणांपैकी लीश्याच्या तीन आहेत. पहिल्या पाच दिवसांत जमिनीत राहणारा रातकिड्याच्या कुळातील कीटक आवाज करू लागतो. काही भाष्यकार त्याला बेडूक मानतात. दुसऱ्या पाच दिवसांत गांडुळे वर येतात. तिसऱ्या पाच दिवसांत पडवळाच्या कुळातील एक रानवेल जोमाने वाढू लागते. माती उबदार आणि ओलसर झाल्याचे हे तीन सजीव पुरावे होत. ज्या काळी थर्मामीटर नव्हता, त्या काळी जमिनीचे तापमान आणि ओल ओळखण्याचे साधन म्हणून त्यांचे मोल मोठे होते.

एक प्रथाही येथे नोंदवण्याजोगी आहे. यांगत्से नदीच्या खालच्या खोऱ्यात लीश्याच्या दिवशी मोठा तराजू टांगून घरातील लहानथोरांचे वजन करण्याची रीत होती. पुढे शरद ऋतूच्या आरंभी पुन्हा वजन करून उन्हाळ्यात कोण किती रोडावले हे पाहिले जाई. आरंभाची नोंद आणि शेवटची नोंद यांची तुलना केल्याशिवाय ऋतूचा परिणाम समजत नाही, ही प्रयोगशील शेतकऱ्याला उपयोगी पडावी अशी दृष्टी त्या लोकरीतीत होती.

एकच तारीख, अनेक ऋतू

या पद्धतीची मर्यादा तिच्या जन्मस्थानातच आहे. चोवीस पर्वांची रचना पीत नदीच्या मध्य व खालच्या खोऱ्यातील हवामानावरून झाली. पंचांग मात्र साऱ्या देशासाठी एकच होते. १९३४ मध्ये चिनी हवामानशास्त्रज्ञ चांग पाओखुन यांनी ऋतू तापमानावरून ठरवण्याची कसोटी मांडली. पाच दिवसांचे सरासरी तापमान २२ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक झाले की उन्हाळा, १० अंशांच्या खाली गेले की हिवाळा, आणि मधला काळ वसंत व शरद यांचा, अशी ती कसोटी. काही सुधारणांसह ती आजही तेथील हवामानसेवेत वापरली जाते.

या कसोटीवर लीश्याचा दिवस तपासला, तर चित्र बोलके दिसते. त्या सुमारास केवळ दक्षिणेकडे, फूचौ शहरापासून नानलिंग पर्वतरांगेपर्यंतच्या रेषेच्या खाली, खरा उन्हाळा असतो. ईशान्येकडील प्रांतांत आणि वायव्येच्या काही भागांत त्या वेळी कोठे वसंताची चाहूल लागते. पंचांगाने उन्हाळा जाहीर केला तरी देशाच्या मोठ्या भागात तो आलेला नसतो.

शेतीची कामेही त्याच प्रमाणात भिन्न असतात. उत्तरेकडील मैदानात या पंधरवड्यात हिवाळी गहू ओंबीवर येऊन फुलोऱ्यात असतो. पुढे दाणे भरताना उष्ण व कोरडे वारे सुटले तर दाणा सुरकुततो, म्हणून पाणी देण्याची वेळ तेथे निर्णायक ठरते. यांगत्सेच्या मध्य व खालच्या खोऱ्यात याउलट पावसाळी, दमट हवा असते. गव्हाच्या फुलोऱ्यात पाऊस लागून राहिला की फ्युजेरियम बुरशीमुळे होणाऱ्या ओंबीच्या रोगाचे संकट उभे राहते. म्हणजे एकच पीक, एकच पंधरवडा, पण एका ठिकाणी चिंता पाण्याच्या अभावाची, तर दुसऱ्या ठिकाणी त्याच्या अतिरेकाची. त्याच वेळी दक्षिणेत लवकर येणाऱ्या भाताची लावणी, चहाची खुडणी आणि तणांचा बंदोबस्त ही कामे एकदम अंगावर येतात. केवळ ‘लीश्या लागला, अमुक करा’ असा सल्ला या सर्वांना दिला, तर तो बहुतेकांच्या बाबतीत चुकेल.

चिनी शेतकऱ्याने हे अनुभवाने ओळखले होते. म्हणूनच लीश्यासंबंधीच्या त्यांच्या म्हणी प्रांताप्रांतात वेगळ्या आहेत. पंचांग दरबाराचे, पण त्याचा अर्थ लावणे गावाचे, अशी ही विभागणी होती.

चू खचन यांचा मार्ग

या लोकानुभवाला शास्त्राचे रूप देण्याचे काम चू खचन यांनी केले. त्यांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात कृषिशास्त्राचे शिक्षण घेतले आणि १९१८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातून हवामानशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. मायदेशी परतल्यावर झाडे केव्हा फुलतात, पक्षी केव्हा येतात, बर्फ केव्हा वितळते यांच्या दैनंदिन नोंदी त्यांनी अनेक वर्षे ठेवल्या. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या रोजनिशीतील अखेरची नोंद मृत्यूच्या आदल्या दिवसाची आहे.

सजीवांच्या ऋतुमानाप्रमाणे होणाऱ्या घडामोडींचा अभ्यास म्हणजे ऋतुजैविकी. एखादी खूण कोठे लवकर आणि कोठे उशिरा दिसेल, हे ठरवणारे चार घटक चू खचन यांनी सांगितले: अक्षांश, रेखांश अर्थात समुद्रापासूनचे अंतर, उंची आणि काळ. यांपैकी चौथा घटक आपल्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे. एकाच जागी, एकाच झाडाच्या फुलण्याची वेळ शतकाशतकांत बदलते, कारण हवामानच बदलते. १९६३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने चीनमध्ये ऋतुजैविक निरीक्षणाचे राष्ट्रीय जाळे उभे राहिले आणि त्याच वर्षी या विषयावरील त्यांचे सहलेखनातील पुस्तकही प्रसिद्ध झाले. प्राचीन खुणांचा वारसा त्यांनी नाकारला नाही. त्या खुणांना स्थान, दिनांक आणि सातत्य यांची शिस्त लावून त्यांनी तो वापरण्याजोगा केला.

आपली नक्षत्रे आणि आपला वाफसा

भारतीय शेतकऱ्याचे पंचांगही मुळात सौरच आहे. सण तिथीवर, पण पेरणी सूर्याच्या नक्षत्रावर, ही आपली रीत चिनी रीतीशी मिळतीजुळती आहे. चीनमध्ये २४ पर्वे, तर आपल्याकडे २७ नक्षत्रे, प्रत्येकी सुमारे साडेतेरा दिवसांची. महाराष्ट्रात मृग, बिहारमध्ये भाताची रोपवाटिका टाकण्यासाठी रोहिणी, केरळात मिरीच्या लागवडीसाठी तिरुवातिरा ञाट्टुवेला म्हणजे आपले आर्द्रा नक्षत्र. साऱ्या देशात हा धागा दिसतो. चीनमध्ये लीश्या लागतो त्या वेळी आपल्या पंचांगात सूर्य भरणी नक्षत्रात असतो.

दोहोंत एक मूलभूत फरक मात्र आहे. चिनी गणना सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेली आहे. म्हणून ती ऋतूंना चिकटून राहते. आपली नक्षत्रगणना निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या आधारे मोजलेली आहे. संपातबिंदू सरकत असल्यामुळे ती ऋतूंच्या तुलनेत दर ७०-७२ वर्षांनी सुमारे एक दिवस पुढे जाते. वराहमिहिराच्या काळापासून आजवर हा फरक सुमारे तीन आठवड्यांचा झाला आहे. मृग नक्षत्राविषयीची एखादी म्हण पाचशे वर्षांपूर्वीची असेल, तर तिच्यातला मृग आजच्या मृगाच्या सुमारे आठवडाभर आधी लागत होता. हे सरकणे वराहमिहिराला ठाऊक होते. पूर्वी सांगितलेली अयनाची स्थिती आपल्या काळी बदलली आहे, याची नोंद त्याने ‘बृहत्संहिते’त केली आणि प्रत्यक्ष परीक्षणाने ती पडताळावी असेही सांगितले.

मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने हाच विचार पुढे नेला आणि २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे शके १८७९ च्या १ चैत्रापासून, सायन गणनेचे राष्ट्रीय पंचांग अमलात आले. त्यातील वैशाख २१ एप्रिलला सुरू होतो. लीश्या त्याच्या बरोबर मध्यावर येतो. हे पंचांग सरकारी पत्रव्यवहारात दिनांकापुरते उरले. शेतीच्या नियोजनात त्याचा उपयोग करून घेण्याचा गंभीर प्रयत्न आपण केला नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

तथापि केवळ सायन पंचांग स्वीकारून प्रश्न सुटणार नाही. चिनी पंचांग सायन असूनही लीश्याच्या दिवशी निम्म्या देशात उन्हाळा नसतोच. सूर्याची स्थिती सरासरी ऋतू सांगते. या वर्षीचा पाऊस सांगत नाही. त्यासाठी आपल्या भाषेत आधीपासूनच एक नेमका शब्द आहे: वाफसा. ओल पुरेशी आहे, पण चिखल नाही. माती हातात दाबली तर गोळा होतो आणि सोडला तर फुटतो, ही स्थिती म्हणजे वाफसा. ज्या शेतकरी समाजाने हा शब्द घडवला, त्याला पेरणीचा निर्णय मातीच्या अवस्थेवर घ्यायचा असतो हे पुरते उमगले होते. महाराष्ट्रात कृषी विभाग आणि कृषी विद्यापीठे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज खरिपाची पेरणी करू नये असे सांगतात, ते याच शहाणपणाचे मोजमापातील रूप आहे. चीनमध्ये उन्हाळ्यासाठी २२ अंश, तसे आपल्याकडे पेरणीसाठी हे मिलिमीटर.

असे असूनही मृगाच्या पहिल्या सरीवर घाईने पेरणी होते, पुढे पावसाचा खंड पडतो आणि उगवलेले कोंब करपतात. बियाणे, खत आणि मजुरी यांचा खर्च पुन्हा करावा लागतो. तोवर हंगामाचे मोलाचे दिवसही निघून जातात. येथे दोष नक्षत्राचा नसतो. तयारीच्या तारखेला निर्णयाची तारीख मानण्याचा असतो.

तारखेचे स्थान

तारखेला काहीच स्थान नाही, असा याचा अर्थ घेऊ नये. काही कामे साऱ्या शिवाराने एकाच वेळी करण्यात अर्थ असतो आणि तेथे ठरलेली तारीख सामूहिक शिस्तीचे काम करते. कापसाची हंगामपूर्व लागवड टाळावी हा सल्ला असाच आहे. शेतात पिकाचा खंड राहिला, तर गुलाबी बोंडअळीचे जीवनचक्र तुटते; पण निम्म्या गावाने मे महिन्यातच कापूस लावला, तर उरलेल्यांचा संयम वाया जातो. अशा ठिकाणी तारीख पाळलीच पाहिजे.

इतर कामांत मात्र खूण हीच खरी मार्गदर्शक ठरते. हुमणीचे उदाहरण घ्यावे. वळवाचा चांगला पाऊस झाला की सायंकाळी भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्यावर गोळा होतात. त्या मोजक्या संध्याकाळी फांद्या हलवून भुंगेरे गोळा केले आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकून नष्ट केले, तर पुढच्या अळ्यांचा उपद्रव मुळातच घटतो. कारण या किडीची वर्षातून एकच पिढी होते. ही संध्याकाळ मे महिन्यातली असेल की जूनमधली, हे कोणतेही छापील वेळापत्रक सांगू शकत नाही. लीश्याच्या खुणांतील गांडुळांप्रमाणे येथेही माती आपला निरोप सजीवांकरवी धाडते.

विस्तार कार्यकर्त्यांपुढील काम

या विवेचनातून तीन सूचना कराव्याशा वाटतात.

पहिली, प्रत्येक कृषी विज्ञान केंद्राने आपल्या कार्यक्षेत्रातील काही गावांत ऋतुनोंदवही सुरू करावी. त्यात आठ-दहा खुणा पुरेत: बहाव्याचा व कडुनिंबाचा फुलोरा, आंब्याचा मोहर, पावश्याचा पहिला आवाज, पहिला वळीव, हुमणीच्या भुंगेऱ्यांची पहिली संध्याकाळ, बेडकांचा पहिला आवाज, पहिला वाफसा. झाड दरवर्षी तेच असावे आणि नोंद करणारी व्यक्ती शक्यतो तीच असावी. पहिले फूल आणि निम्म्या झाडाचा फुलोरा या दोन्ही तारखा लिहाव्यात. शेजारी पर्जन्यमापकाचा आकडा व दिवसाचे कमाल-किमान तापमान नोंदवावे. त्यावरून उष्मांक दिवसांचा हिशेबही कोणालाही करता येतो: कमाल ३८ आणि किमान २४ अंश असेल तर सरासरी ३१; पिकाचे आधार तापमान १० अंश धरले, तर त्या दिवसाचे उष्मांक दिवस २१. पिकाची वाढ कॅलेंडरच्या दिवसांपेक्षा या बेरजेशी अधिक जवळून जोडलेली असते.

दुसरी, सल्ल्याची भाषा बदलावी. ‘१५ जूनपर्यंत पेरणी पूर्ण करावी’ याऐवजी ‘आपल्या गावात इतका पाऊस झाला, वाफसा आला आणि पुढील पाच दिवसांच्या अंदाजात मोठा खंड नाही, तर पेरणी करावी’ अशी अटीनिशी मांडणी असावी. हवामानाधारित कृषी सल्ला आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, प्रसृत होतो. तो गावाच्या नोंदवहीशी पडताळून शेतकऱ्यापर्यंत पोहोचवणे हे विस्तार कार्यकर्त्याचे खरे कौशल्याचे काम आहे.

तिसरी, लोकज्ञानाची श्रद्धेने पुनरुक्ती किंवा तुच्छतेने अवहेलना न करता परीक्षा करावी. बहावा फुलल्यानंतर सुमारे ४५ दिवसांनी पाऊस येतो, असे अनेक ठिकाणी मानले जाते. ते आपल्या तालुक्यात दहा वर्षांपैकी किती वेळा खरे ठरले, हे नोंदीवाचून कोण सांगणार? खूण खरी ठरली तर ती सल्ल्यात घ्यावी. न ठरली तर तसे मोकळेपणाने सांगावे. वराहमिहिर आणि चू खचन या दोघांचीही शिकवण हीच आहे.

उपग्रह आणि स्वयंचलित हवामान केंद्रे असताना या नोंदवहीची गरज काय, असा आक्षेप येईल. यंत्रे तापमान आणि पाऊस मोजतात. पीक, कीड आणि माती यांचा त्याला मिळणारा प्रतिसाद शेतातच पाहावा लागतो. यंत्रांच्या अंदाजांची स्थानिक पडताळणीदेखील अशाच नोंदींनी होते. विस्तार कार्यकर्त्यांवर आधीच कामाचा भार आहे, हा दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे. म्हणून ही नोंद प्रगतिशील शेतकरी, शेतकरी गट आणि शाळा यांच्याकडे सोपवावी व केंद्राने महिन्यातून एकदा संकलन करावे. ‘सीझनवॉच’ या उपक्रमात केरळातील शाळकरी मुले झाडांच्या अशा नोंदी मोठ्या संख्येने करीत आली आहेत. तेव्हा हे काम अशक्य कोटीतले नाही.

नोंदवहीचे फळ पहिल्या वर्षी मिळणार नाही. पाच-सात वर्षांच्या नोंदी साठल्या, की आपल्या शिवारात मृग आणि वाफसा यांच्यात सरासरी किती दिवसांचे अंतर असते, ते वाढते आहे की घटते आहे, हे गावालाच कळू लागेल. बदलत्या हवामानात याहून उपयुक्त स्थानिक माहिती दुसरी कोणती असणार? यंदा वळवाची पहिली सर येईल तेव्हा पेरणीची घाई करण्याआधी तिची तारीख आणि मिलिमीटर वहीत उतरवावेत, एवढीच या लेखाच्या वाचकांना विनंती.